एकादशीचं ताट

मालिकांच्या सेटवर भांडीकुंडी, समया, पोथ्या, ताटं जमवायचं काम मी बावीस वर्षं केलं. आमच्याकडे या सगळ्या पसाऱ्याला ‘प्रॉपर्टी’ म्हणतात. एका संतचरित्राच्या मालिकेत ज्ञानेश्वरांच्या काळातली एकादशी दाखवायची होती. कागदावर लिहून आलं: केळीच्या पानावर साबुदाण्याची खिचडी, बाजूला उकडलेलं रताळं.

मी अडून बसलो. माउलींनी आळंदीला समाधी घेतली 1296 मध्ये. कोलंबस अमेरिकेकडच्या किनाऱ्याला लागला 1492 मध्ये. आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो, शेंगदाणा, बटाटा, मिरची, रताळं, सगळं मूळचं तिकडचं. ते वगळलं तर खिचडीत उरतं काय? तूप, जिरं आणि मीठ!

दिग्दर्शक हसले. “अहो, देवाच्या गोष्टीत मिरची कोण मोजतंय?”

मी मोजत होतो, आणि त्याला कारण होतं. पानावर खिचडी दिसली की बघणाऱ्याला वाटतं, आपला उपवास सातशे वर्षं असाच चालत आलाय. खरं तर परमुलखातून आलेले कंद आपल्या लोकांनी पारखले, धान्य नाही म्हणून उपवासाला चालवून घेतले, आणि काही पिढ्यांत ते थेट सोवळ्यात जाऊन बसले. यात लाजण्यासारखं मला काही दिसत नाही. उलट धर्म किती सहज नवं पचवतो ते दिसतं. तेच झाकून वर त्याला सनातन म्हणायचं, हे काही मला पटत नाही. शेवटी वऱ्याचे तांदूळ आणि शिंगाड्याचा शिरा वाढला. मी खूश.

त्याच संध्याकाळी पंढरपूरचा सीन लागला. गाभाऱ्यासमोर ज्युनियर आर्टिस्टांची गर्दी: जानवेवाले, घोंगडीवाले, डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका, सगळे खांद्याला खांदा लावून. त्यातच चोखोबांचं काम करणारा नट, विठ्ठलापासून चार हातांवर हात जोडून उभा. मी समईच्या वाती सारत होतो. मिरचीसाठी भांडलेला मी तिथे गप्प राहिलो.

दिग्दर्शकांच्या मनात वाईट काही नव्हतं. देवापुढे सगळे सारखे, एवढंच त्यांना दाखवायचं होतं, आणि वारकऱ्यांची शिकवणही तीच. पण अस्पृश्य मानल्या गेलेल्या चोखोबांना त्या देवळात पाऊल टाकू दिलं जात नव्हतं. त्यांची समाधी आजही महाद्वारासमोर, बाहेर आहे. त्यांना आत आणून उभं केलं, तर त्यांच्या अभंगातला माणूस देवाशी भांडतो कशासाठी? शिकवण खरी, म्हणून ती तेव्हा पाळलीही जात होती असं दाखवायचं? मग 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजी पंढरपुरात दहा दिवस उपाशी कशाला राहिले? ते दार तेव्हा कुठे उघडलं. माउलींच्या समाधीनंतर साडेसहाशे वर्षांनी. तोही उपवासच, फक्त त्याला ताट नव्हतं.

मला हे सगळं त्या संध्याकाळी ठाऊक होतं. दिवस संपत आलेला, गर्दी रोजंदारीवर बोलावलेली, पुन्हा मांडणी बदलायची तर तास गेला असता. ही कारणं खरी आहेत, पण खिचडी बदलायलाही तास गेलाच होता.

तो भाग लागला तेव्हा वऱ्याच्या तांदळाबद्दल दोघा-तिघांनी मला आवर्जून शाबासकी दिली. गर्दीबद्दल कोणी विचारलं नाही.