पाचवे भूत

मराठीत एकच शब्द दोन वेगळ्या घरी राबतो आणि आपल्याला त्याचे काही वाटत नाही. पृथ्वी, आप, तेज, वायू आणि आकाश ही पंचमहाभूते. आणि अमावास्येला पिंपळावर बसते म्हणतात, तेही भूतच. इंग्रजीतल्या ‘स्पिरिट’ शब्दाचीही अशीच तऱ्हा. आत्मा तो, पिशाच तो, आणि दारूही तोच. आम्ही मात्र लहानपणी प्रायमस पेटवण्यासाठी बाटलीतून आणायचो, तेवढेच स्पिरिट ओळखत होतो.

पहिल्या चार भुतांविषयी फारसा वाद नाही. माती हाताला लागते, पाणी भिजवते, अग्नी भाजतो, वारा अंगावर येतो. पंचाईत आहे ती पाचव्याची. चार्वाकांनी, ते दिसत नाही म्हणून, आकाशाला यादीतून सरळ वगळले. मग चैतन्य येते कोठून, असे विचारले तर त्यांचे उत्तर तयार होते : धान्य आंबवले की त्यात जशी मादकता उत्पन्न होते, तसे चौघांच्या मेळातून चैतन्य उपजते. आमच्या पालघर-बोईसरकडे पहाटे गोड असलेला ताडाचा रस दुपारी कसा चढू लागतो, हे ज्याने पाहिले आहे त्याला हा दृष्टांत उडवून लावता येणार नाही. वैशेषिकांनी आकाशाला ठेवून घेतले, पण त्याचा गुण सांगितला शब्द. आकाश दिसत नाही, ते ऐकू येते.

पाश्चात्त्यांच्या विधियुक्त जादूविषयी मी वाचू लागलो तो या पाचव्याच्या ओढीने. जादू म्हणजे टोपीतून ससा काढणे नव्हे. वर्तुळे आखून, मंत्र म्हणून, धूप जाळून अदृश्य शक्तींशी व्यवहार करण्याचे एक शास्त्रच तिकडे शतकानुशतके रचले गेले. त्याच्या मुळाशी ग्रीकांची चार तत्त्वे आहेत. ॲरिस्टॉटलने तारांगणासाठी पाचवे तत्त्व कल्पिले, ते ईथर. किमयागारांनी ते स्वर्गातून खाली आणले आणि प्रत्येक वस्तूतून हे पाचवे सार काढता येईल म्हणून भट्ट्या पेटवल्या. गंमत अशी की १८८७ साली अमेरिकेत मायकेलसन आणि मोर्ले यांचा ईथरचा माग काढण्याचा प्रयोग हात हलवत परत आला, आणि पुढच्याच वर्षी लंडनमध्ये ‘गोल्डन डॉन’ नावाची गुप्त मंडळी स्थापन झाली. भौतिकशास्त्राच्या घरातून ज्याची गठडी वळण्याची वेळ आली होती, त्याला या मंडळींनी देव्हाऱ्यात बसवले.

त्यांच्या पंचकोनी ताऱ्याची चार टोके चार तत्त्वांची, आणि सर्वांत वरचे टोक स्पिरिटचे. पृथ्वीसाठी चकती, पाण्यासाठी पेला, वायूसाठी खंजीर, अग्नीसाठी दंड अशी साधकाची चार आयुधे असत. पाचव्यासाठी या संचात आयुध नाही. दीक्षेच्या पायऱ्याही चार तत्त्वांच्या चार, आणि त्यानंतर जी येते तिला ते द्वार म्हणत. तीच स्पिरिटची. मला हे फार समर्पक वाटते. चार खोल्या आणि पाचवा उंबरठा.

पण मराठी वाचकाने पुढची गोष्ट ऐकावी. हे साधक ध्यानासाठी रंगीत पत्ते वापरीत : पिवळा चौकोन पृथ्वीचा, रुपेरी चंद्रकोर पाण्याची, तांबडा त्रिकोण तेजाचा, निळे वर्तुळ वायूचे आणि काळसर जांभळे अंडे आकाशाचे. ही सगळी आपलीच नाणी! मादाम ब्लाव्हॅट्स्की आणि कर्नल ऑलकॉट १८७९ साली मुंबईला आले, गिरगावात राहिले, तिथूनच त्यांनी ‘थिऑसॉफिस्ट’ मासिक सुरू केले. त्या मंडळींच्या वाटेने मीरतच्या राम प्रसादांचे तत्त्वांवरचे इंग्रजी पुस्तक १८९० साली विलायतेला पोचले आणि आपले आकाश लंडनच्या दिवाणखान्यात जाऊन बसले. ज्याचा गुण शब्द, त्याच्याकडे तिथे टक लावून पाहू लागले. अर्थात त्याला आकार देण्याचे काम आपल्या तंत्रग्रंथांनी आधीच करून ठेवले होते, तेव्हा दोष एकट्या साहेबाला देता येणार नाही.

या साऱ्या खटाटोपात मला खटकते ती साधकाची उभे राहण्याची जागा. जुन्या जादूच्या पोथ्यांत तो स्वतः वर्तुळाच्या आत उभा राहतो. ज्याला बोलवायचे त्याच्यासाठी बाहेर त्रिकोण आखलेला असतो. आत मी सुरक्षित, बाहेर तू हुकमाचा ताबेदार. गोल्डन डॉनवाल्यांनी यावर पुष्कळ उदात्त संस्कार केले, आत्मोन्नतीची भाषा आणली. तरी आयुधांचा खणखणाट पुरता थांबला नाही.

आता डहाणू-पालघरकडच्या वारली पाड्यावर या. लग्नघरात गेरूने सारवलेल्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. लिहितात, काढत नाहीत. शब्द त्यांचाच आहे. या चौकावाचून लग्न लागत नाही. चार बाजूंना नक्षीच्या पट्ट्या, आत चंद्र, सूर्य, फणी, शिडी, आणि मधोमध पालघट, झाडाझुडपांची, सुफळतेची देवी. शेजारच्या लहान देवचौकात पंचशिऱ्या. त्याला शिर नसते. मानेतून धान्याचे पाच कोंब फुटलेले असतात. लग्न लावते ती धवलेरी, बाईमाणूस, आणि ते लावते गाण्यांनी. देवतांना आवाहन होते ते नावे घेऊन, आवाज देऊन.

वैशेषिकांचे आकाश मला कुठे भेटले असेल तर ते या गाण्यात. पीठ पृथ्वीचे, ते कालवायला पाणी, दिव्याला तेज, आणि या सगळ्यांना एकत्र आणणारा शब्द. जागाही पाहा : लंडनच्या ताऱ्यात पाचवे सर्वांत वर आहे, इथे ते मध्ये आहे. आत देवी, बाहेर माणसे. चौक माणसाच्या संरक्षणासाठी आखलेला नाही, पाहुणीला बसायला मांडलेला आहे. तुम्ही आम्ही या चार दिवसांत दारात रांगोळी घालतो तीही याच जातीची. ती कोणाला अडवण्यासाठी नसते.

हुकूम करण्यातच काही वाईट आहे असे मला म्हणायचे नाही. बोईसरच्या पश्चिमेला, समुद्रकाठी तारापूरचे अणुवीज केंद्र आहे. १९६९ साली तिथून वीज मिळू लागली. त्या शक्तीला जाड भिंतींच्या आत कोंडावेच लागते. तिथे पाहुणचाराची भाषा बोलणारा माणूस मी कामावर ठेवणार नाही. तेजाला कोंडावे, पाण्याला बांध घालावा. प्रश्न आहे तो पाचव्यालाही याच हिशेबात धरावे की काय, हा.

आणि कोणी असे समजू नये की लंडनवाले अहंकारी आणि आमचे पाडे निष्पाप. अंगात वारे आलेला भगत जेव्हा देवाला बोलावतो तोवर ठीक. पण गावात मूल दगावले, गुरे मेली, आणि त्याने एखाद्या बाईकडे बोट करून ‘ही भुताळी’ म्हटले, की तिच्या नशिबी काय येते हे या भागाने पाहिले आहे. मारहाण, हद्दपारी, कधी मरण. पुन्हा तोच शब्द, भूत. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, आणि त्यासाठी झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात मारले गेले. अदृश्याची किल्ली माझ्या कमरेला आहे असे जो म्हणतो, तो दंड धरून वर्तुळात उभा असो की सूप घेऊन पाड्यात बसलेला असो, त्याच्यापासून बायाबापड्यांना वाचवायला कायदाच हवा. धवलेरी अशी किल्ली मिरवीत नाही. ती बोलावते, यायचे की नाही हे येणारीवर सोडते. मला तिच्यात आणि त्या भगतात जे अंतर दिसते, ते त्या भगतात आणि लंडनच्या जादूगारात दिसत नाही.

मग एक व्यवहारातला प्रश्न माझ्याकडे आला. आमच्या बोईसरच्या एका वसाहतीत सभागृहाच्या भिंतीवर वारली चौक रंगवून घ्यावा असे ठरले. समितीत दोन तट पडले. एक म्हणे, जिव्या सोमा म्हसे यांनी गंजाडचा चौक कागदावर आणून जगभर नेला, २०११ साली पद्मश्री मिळवली, तेव्हा आपण सोवळे का पाळावे? दुसरा म्हणे, जिच्यावाचून त्यांचे लग्न लागत नाही तिला आपण पत्त्यांच्या डावामागे शोभेला ठेवायचे काय? मी शाळामास्तर, म्हणून निवाडा माझ्याकडे. मी म्हटले, रंगवणारीलाच विचारू.

ती शिडीवर चढून गेरूचा हात फिरवीत होती. मी विचारले, “बाई, पालघटही लिहिणार काय इथे?”

“लिव्हते की, गुरुजी.”

“मग देवी इथे राहणार?”

तिने ब्रश डब्यात टेकवला. “तिला बोलवलंय कोणी इथं? गाणं नाय, लगीन नाय. चित्र हाय ते.” आणि मग समितीच्या चिटणीसांकडे वळून म्हणाली, की भिंतीला खाली ओल आहे, आधी ती बघा, नाहीतर पावसाळ्यात सगळा पांढरा रंग गळून येईल.