रंगाच्या आतला गंज



उपवासकाळ सुरू झाला की आपल्या घरांत मांसाहार बंद होतो आणि संध्याकाळी क्रुसाच्या वाटेला गर्दी होते. दोन्ही गोष्टी चांगल्याच आहेत. पण यंदा उपवासकाळ म्हणजे काय, हे आम्हांला आमच्या पडवीतल्या एका जुन्या स्कूटरने शिकवले. ते आपणांस सांगावेसे वाटते.

स्कूटर बाबांची. बजाज चेतक, १९८३ सालची. आजच्या मुलांना खरे वाटणार नाही, पण त्या काळी चेतकसाठी पैसे भरून नाव नोंदवायचे आणि मग वर्षानुवर्षे वाट पाहायची. ती दारात आली तेव्हा फादरांना बोलावून आशीर्वाद घेतला होता. पुढे आम्ही उभे, मध्ये बाबा, मागे दादाला मांडीवर घेतलेली आई, अशी आमची वरात दर रविवारी मिस्साला निघे. २०१२ साली बाबा देवाघरी गेले. मग जमिनीची वाटणी झाली, वाटणीत बोलू नये ते बोलले गेले, आणि स्कूटर पडवीतच राहिली. कोणी नेली नाही, कोणी विकली नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर आम्ही बापलेकांनी ती दुरुस्त करायला घेतली. टायर बदलले, रंग मारला की झाले, असा आमचा हिशेब. मेस्त्रीने पायाखालचे रबर उचलले आणि पत्र्यावर स्क्रूड्रायव्हरचे टोक हलकेच टेकवले. ते आरपार गेले! वर रंग शाबूत होता, आत पत्रा पापडासारखा झाला होता. पूर्वी कधीतरी कोणीतरी गंजावर लांबी भरून वरून रंग चढवला होता. मेस्त्री म्हणाला, "गंजावर रंग म्हणजे गंजाला पांघरूण. आत तो मजेत वाढतो." मेस्त्री ख्रिस्ती नाहीत, पण उपवासकाळावर याहून नेमके प्रवचन आम्ही ऐकलेले नाही. फादरांनी क्षमा करावी.

गंजाला काय लागते? थोडा ओलावा आणि हवा. आमच्या वसईच्या किनाऱ्यावरची खारी हवा त्याला आणखी हातभार लावते. तो सुरू होतो तोही जिथे पाणी साचते, ऊन पोहोचत नाही आणि कोणी पाहत नाही अशा जागी. प्रभू येशूने परुश्यांना चुना लावलेल्या कबरींची उपमा दिली (मत्तय २३), ती आपण नेहमी दुसऱ्यांना लावतो. पण आपल्या पापनिवेदनाचे काय? वर्षातून दोनदा आपण फादरांपुढे गुडघे टेकतो आणि लहानपणी पाठ केलेली यादी म्हणतो : खोटे बोललो, रागावलो, मिस्साला उशिरा आलो. यादी खरीच असते. पण रबर कोणी उचलत नाही. आमच्या यादीत तेरा वर्षांत दादाचे नाव एकदाही आले नव्हते.

मेस्त्रींनी पांढरा पत्रा दिसेपर्यंत खरवडले, कुजलेला भाग कापून नवा जोडला, मग प्रायमर दिला. या कामाला आठवड्यांमागून आठवडे गेले. रंगाला दोन दिवस पुरले. सायलेन्सर भट्टीत लाल करून आतली काजळी जाळली. कार्ब्युरेटरमध्ये राहिलेले पेट्रोल सुकून डिंकासारखे झाले होते आणि जेटचे सुईएवढे छिद्र त्याने बुजवले होते. एवढ्याशा छिद्रासाठी सगळे इंजिन मुके! न बोललेले शब्दही असेच सुकत असावेत.

खरवडताना एक आनंदाची गोष्ट घडली. बॉडीवर ठोकलेला चासी नंबर गंजाखाली दिसेनासा झाला होता. मुलाने रॉकेलचा बोळा फिरवला, वर कागद ठेवून पेन्सिल घासली, आणि एकेक आकडा उमटला. स्नानसंस्काराने आत्म्यावर अमिट ठसा उमटतो, कोणत्याही पापाने तो पुसला जात नाही, असे ख्रिस्तसभा शिकवते. धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केलेले हे वाक्य त्या दिवशी पडवीत बसून आम्हांला समजले.

(जाता जाता एक. २०२१ पासून पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांची 'विंटेज' म्हणून नोंदणी करता येते; मात्र अशी गाडी रोज वापरायची नाही, प्रदर्शनाला किंवा रॅलीला काढायची. आमची चेतक अजून त्या वयाची नाही, हे बरेच झाले. सणापुरती बाहेर काढायची श्रद्धा आपल्यात तशीही पुष्कळ आहे.)

इंजिन सुरू झाले. आता कागद. नोंदणीची मुदत संपलेली, गाडी बाबांच्या नावावर. ती आमच्या नावावर करायची तर दुसऱ्या वारसाची लेखी संमती हवी. आर. सी. बुकही दादाकडेच. मुलाने विचारले, "काकांकडे कोण जाणार?" वेदीपाशी अर्पण ठेवताना भावाचे आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट कर, असे प्रभूने सांगितले आहे (मत्तय ५). हा उतारा आम्ही वाचक म्हणून वेदीवरून वाचलासुद्धा आहे. तेव्हा दादा चौथ्या बाकावर बसला होता.

दादाचे घर पाच मिनिटांवर. वहिनींनी दार उघडले. सहीचे बोलण्याआधी आम्ही त्या दिवशीच्या शब्दांची माफी मागितली. नीट जमले नाही, अर्धे वाक्य घशातच राहिले. दादा काही बोलला नाही. आत गेला आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले आर. सी. बुक घेऊन आला. चष्मा शोधून सगळा कागद वाचला, सही केली.

मग म्हणाला, "किक मारायच्या आधी अजून डावीकडे वाकवावी लागते का रे?"

"लागते, काका," मुलगा म्हणाला.

जमिनीचा विषय निघालेला नाही. तोही काढावा लागेल. कागद वेळेत झाले तर ईस्टरच्या मिस्साला दादा मागच्या सीटवर बसून येणार आहे.