बाटलीतले पाणी

पवित्र शास्त्रातील अरण्याचे चित्र काढा म्हटले, की आमच्या शब्बाथशाळेतील मुले नुसती वाळू रंगवितात. वास्तविक सीनायचा प्रदेश म्हणजे बहुतेक उघडे, खडकाळ डोंगर आणि कोरडे नाले. तेथील पायवाटेने जाणाऱ्याचा जीव पुढच्या पाणवठ्यावर टांगलेला असतो. आमच्या आदिलाबादजवळ मावल्याच्या बाजूस वैशाखात साग निष्पर्ण झाला, की त्या वाटांची थोडीशी कल्पना येते.

अशा वाटेविषयी यहुदी शास्त्र्यांचा एक जुना वाद तालमूदात नमूद आहे. दोघे जण ओसाड प्रदेशातून चालले आहेत. पाणी एकाजवळच आहे. दोघे प्याले तर दोघेही मरतील. एकटा प्याला तर तो वस्तीला पोहोचेल. बेन पतूरा म्हणे, दोघांनीही प्यावे, भावाचे मरण पाहू नये. रब्बी अकीबाने लेवीय २५:३६ पुढे केले. भावाने तुझ्याबरोबर जगावे असे तेथे आहे. तेव्हा आधी तू जगला पाहिजेस.

ईश्वरविज्ञानाच्या पदविकेचा अभ्यास करीत असता आम्हांला हा निर्णय कठोर वाटला होता. (अकीबा स्वतः पुढे रोमी सत्तेच्या हातून हुतात्मा झाला, हेही ध्यानात घ्यावे.) आज वाटते, त्याचे चुकले नाही. एकाऐवजी दोन प्रेते पडल्याने प्रीती दुप्पट होत नाही. मित्रासाठी कोणी स्वखुशीने आपला प्राण दिला तर ती गोष्ट निराळी. ती हक्काने मागता येत नाही. पण अकीबाचा न्याय मरणाच्या दारातला आहे, आणि आपण तो लावतो साध्या गैरसोयीला.

गेल्या मे महिन्यात मावल्याच्या पुढे एका टेकडीवर आम्ही काही मुलांना सकाळीच घेऊन गेलो होतो. दहाच्या सुमारास तेंदूपाने तोडणारी एक बाई लेकराला घेऊन खाली येत होती. म्हणाली, “भाऊ, लेकराले घोटभर पाणी द्या जी.” आमच्या बाटलीत निम्मे पाणी होते. आम्ही म्हणालो, “संपत आलंय, बाई.” परतीची वाट तासाभराची, मुले आमच्या जबाबदारीवर, कारणे तयारच होती. ती रागावली नाही. उलट खालच्या नाल्यात करंजाजवळ झिरा आहे, तुम्हांलाही लागेल तर तेथे पाणी मिळेल, असे सांगून लेकरू कडेवर घेऊन निघून गेली.

झिऱ्याला पाणी होते, गार. आम्ही सर्व तेथे पोटभर प्यालो. बाटलीतले पाणी तसेच घरी आले.

वाटेत एका मुलाने विचारले, “सर, बाटलीत पाणी होतं ना?” आम्ही त्याला चप्पल नीट घालावयास सांगितले.

पुढल्या रविवारी वर्गात घडले तसे सांगितले. त्याच मुलाने विचारले, पुन्हा जाऊ तेव्हा बाटल्या किती न्यायच्या? आम्ही म्हणालो, दोन. एक तुझ्या हाती.