माळी केव्हा बोलवावा?

घराभोवती थोडी मोकळी जागा असलेल्या कुटुंबात मे महिना उजाडला की एक प्रश्न हमखास निघतो. यंदा अंगणाचे काय करावयाचे? आंब्याची फांदी कौलांवर टेकली आहे, मागच्या पावसात पाणी पायरीपर्यंत आले होते, आणि पाहुण्यांना दाखविण्याजोगे एकही वाफे उरलेले नाहीत. हे सारे आपण आपल्या हातांनी करावे, की बागेची आखणी जाणणाऱ्या माणसाला बोलावून, त्याची मजुरी देऊन, करून घ्यावे? वरवर पाहता हा केवळ खर्चाचा प्रश्न दिसतो. आम्हांलाही पुष्कळ वर्षे तो तसाच वाटत असे. शेजारधर्म आणि सचोटी यांचाही त्यात संबंध येतो, हे आम्हांला एका पडलेल्या भिंतीने शिकविले. ती हकीगत प्रथम सांगतो.

बेळगावात आमच्या घराची मागची बाजू उताराची आहे. ती सपाट करून तेथे चार फुलझाडे व भाजीपाला लावावा असा आमचा विचार होता. एका वृद्ध माळीकाकांना बोलावले. त्यांनी झाडांविषयी एक शब्दही न काढता उतारावरून दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाले, "झाडं मागनं लावू की साहेब, आधी पाणी कुठनं जातंय ते बघूया." मातीला धरून ठेवायला वेगळी दगडी ताल घालावी लागेल, तिच्यामागे खडी भरावी लागेल, पाणी बाहेर पडायला भोके ठेवावी लागतील, असे त्यांनी सांगितले व मजुरीचा आकडाही सांगितला. आम्हांला तो फार वाटला. थोडी घासाघीस करून पाहिली. काका हसून म्हणाले, "कमी करायचं तर काम कमी करावं लागंल." आम्ही त्यांना निरोप दिला आणि दोन रविवारी दुपारी तरुण मुलांना हाताशी धरून, शेजारच्या हद्दीवरील कुंपणाच्या भिंतीला टेकून दोन-अडीच फूट माती भरून टाकली. पैसे वाचले. मंडळीत चार लोकांनी आमच्या कष्टाळूपणाची वाखाणणीही केली.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात झड लागली आणि एका पहाटे ती भिंत शेजाऱ्यांच्या परसात आडवी झाली. शेजाऱ्यांच्या आई रोज सकाळी त्याच भिंतीशी पाट टाकून दात घासावयास बसत. त्या दिवशी त्यांना ताप होता म्हणून त्या उठल्या नव्हत्या. एवढ्याच एका कारणाने आज आम्ही हा लेख लिहीत आहोत; नाहीपेक्षा आमच्या हातून वेगळेच काही लिहिले गेले असते.

भिंत का पडली हे पुढे काकांनीच समजावले. कुंपणाची भिंत हद्द दाखविण्यासाठी असते. मातीचा रेटा सोसण्यासाठी ती बांधलेली नसते. एक घनमीटर कोरडी माती साधारण दीड टन भरते, आणि पाण्याने तुडुंब भिजली की तिचे वजन दोन टनांच्या घरात जाते. त्यात मागे साचलेल्या पाण्याचा दाब वेगळा. आणि पाणी तरी थोडे का असते? शंभर चौरस मीटरच्या छपरावर पाच सेंटिमीटर पाऊस पडला तर पाच हजार लिटर पाणी खाली उतरते. त्याला वाट दिली नाही तर ते स्वतःची वाट करून घेते.

अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात एक साधा नियम आहे. नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा करावा, म्हणजे कोणी पडून मेला तर त्याच्या रक्ताचा दोष त्या घरावर येणार नाही. संडे-स्कूलमध्ये आम्ही हा नियम मुलांना कित्येकदा शिकविला होता. कठडा हा घरमालकाच्या सोयीसाठी नसून दुसऱ्याच्या जिवासाठी आहे, हेही सांगितले होते. पण आमच्या परसातील भिंत हाही एक कठडाच आहे, हे आमच्या ध्यानात आले नाही. आम्ही आपल्या वागण्याला काटकसर म्हणत होतो, स्वावलंबन म्हणत होतो. दोन्ही चांगले सद्गुण आहेत. परंतु ज्या काटकसरीचा धोका शेजाऱ्याच्या आईने पत्करावा लागतो, ती काटकसर आपली नव्हे. ती तिच्या खात्यावर घेतलेली उधारी आहे.

यावर कोणी म्हणेल, तर मग प्रत्येक कुंडीसाठी माळी बोलवावा काय? मुळीच नाही. मातीत हात घालणे हलके काम आहे, असे मानणारा एक रोग आपल्या समाजात जुना आहे, आणि त्याला खतपाणी घालण्याची आमची इच्छा नाही. विल्यम केरी यांचे नाव आपल्या वाचकांना परके नाही. १८०५ साली त्यांनी मराठीचे व्याकरण छापले. मूळचा हा चर्मकाम करणारा माणूस; पण श्रीरामपूर येथे त्यांनी स्वतः मोठी बाग वाढविली, आणि १८२० साली कलकत्त्यात शेती व बागाईतीच्या सुधारणेसाठी एक संस्थाही स्थापन केली. भाषांतराच्या कामातून वेळ काढून ते बागेत रमत. हाताखाली माळी होते, तरी बागेवरचे त्यांचे लक्ष सुटले नाही. मदत घेणे आणि हात झटकून मोकळे होणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे त्यांच्या उदाहरणावरून दिसते.

हात झटकण्याचेही नुकसान असते. इंदुरात आमच्या परिचयाचे एक सुखवस्तू कुटुंब आहे. मुलांनी वडिलांच्या साठीनिमित्त संपूर्ण आवार ठेकेदाराकडून नवे करवून घेतले. जुनी जास्वंद, कढीलिंब व तुळशीच्या कुंड्या गेल्या. त्या जागी हिरवळ व एका रांगेत ताड आले. हेतू प्रेमाचाच होता. पण वडील रोज सकाळी झारी घेऊन त्या कुंड्यांपाशी तासभर घालवीत, शेजारणींना कढीलिंबाची डहाळी देत. आता त्यांना करावयास काही उरले नाही. ते व्हरांड्यात बसून ठेकेदाराच्या माणसाकडे पाहत असतात. शिवाय शंभर चौरस मीटर हिरवळीला उन्हाळ्यात दिवसाला पाच मिलिमीटर पाणी दिले तरी पाचशे लिटर लागते. आणि इंदुरात १९७८ पासून नर्मदेचे पाणी सुमारे सत्तर किलोमीटरांवरून पंपांनी चढवून आणले जाते. दिसावयास सुंदर अशा गोष्टीसाठी कोणाचे काय गेले, हा हिशेब त्या मुलांनी केला नव्हता, जसा आमच्या भिंतीचा आम्ही केला नव्हता.

म्हणजे माळी न बोलावल्याने आम्ही चुकलो, आणि बोलावल्याने ते चुकले. तेव्हा कसोटी बोलावण्या-न-बोलावण्यात नाही. बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याच्या बागांची आखणी महाराज सयाजीराव गायकवाड यांनी विल्यम गोल्डरिंग या जाणकाराकडून करविली, आणि १८९३ साली क्रुम्बिगल हे जर्मन उद्यानतज्ज्ञ बडोद्यास आले. तेच पुढे १९०८ साली म्हैसूर संस्थानात गेले. आपले परस राजवाडा नव्हे, हे खरे. पण जागेच्या मोठेपणावर हा निर्णय ठरत नाही. चुकले तर कोणाला सोसावे लागेल, यावर तो ठरतो.

चूक झाली तर केवळ आपले रोप मरणार असेल, तर ते काम आपणच करावे. गुलाब वाळला तर आपण शिकतो. परंतु जेथे उतार बदलावयाचा आहे, माती अडवावयाची आहे, पाण्याची वाट वळवावयाची आहे, विजेच्या तारांजवळची किंवा घरावर झुकलेली मोठी फांदी काढावयाची आहे, तेथे जाणत्याला बोलावणे हे कर्तव्य समजावे. झाड तोडण्याचा विचार असेल तर त्याआधी परवानगीची चौकशीही करावी. महाराष्ट्राच्या नागरी भागांसाठी १९७५ चा व कर्नाटकासाठी १९७६ चा वृक्षसंरक्षणाचा कायदा आहे. तसेच घरात एकटी वृद्ध बहीण असेल, गुडघे वाकत नसतील, तर मदत घेण्यात कमीपणा मुळीच नाही. मात्र घरातील ज्या माणसाचा जीव त्या बागेत गुंतला आहे, त्याला विचारल्याशिवाय एक कुंडीही हलवू नये.

आणि एकदा बोलावले म्हणजे त्याचे ऐकावे व त्याचे मोल द्यावे. आपल्यापैकी पुष्कळांना कापडाच्या दुकानात लिहिलेली किंमत मुकाट्याने देता येते. माळ्याशी मात्र दहा रुपयांसाठी वाद घालावासा वाटतो. झाडे लावणे दिसते म्हणून त्याचे पैसे आपण देतो. पाणी कोठून जाईल हे पाहण्याचे ज्ञान दिसत नाही, म्हणून ते फुकट मागतो. मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, ही मोशेची आज्ञा त्याच अनुवादात पुढे दोन अध्यायांवर आहे. कठड्याचा नियम व मजुरीचा नियम असे जवळजवळ आहेत, याकडे आमचे पूर्वी लक्ष गेले नव्हते.

भिंत पडल्यावर आम्ही काकांच्या घरी गेलो. ते रागावतील, निदान मजुरी वाढवून सांगतील, अशी आमची अपेक्षा होती. त्यांनी पूर्वीचाच आकडा सांगितला. शेजाऱ्यांची भिंत उभारण्याचा खर्च तेवढा आमच्यावर निराळा पडला, आणि तो पडावयासच हवा होता. ताल पुरी झाली तेव्हा काकांनी दगडांमधील एक भोक बोटाने दाखविले आणि म्हणाले, "ह्ये बुजू देऊ नका." तेव्हापासून दर मे महिन्यात आम्ही ती भोके स्वतः काठीने मोकळी करतो. ते काम मात्र दुसऱ्याला सांगत नाही.