गट ‘क’ आणि गटाबाहेरच्या

नीटचा निकाल लागला की महाराष्ट्रातल्या अनेक घरांत एक उतरंड रचली जाते. सगळ्यात वर एमबीबीएस, खाली बीडीएस, मग बीएएमएस, बीएचएमएस, आणि तिथेही नंबर लागत नाही असं दिसलं की बीपीटीएच, म्हणजे फिजिओथेरपी. प्रवेशाच्या यंत्रणेनेच ही उतरंड छापून दिलेली आहे. वैद्यकीय आणि दंत हा गट ‘अ’, आयुर्वेद-होमिओपॅथी-युनानी गट ‘ब’, फिजिओथेरपी गट ‘क’. नर्सिंग या यादीत नाहीच. बीएस्सी नर्सिंगची सीईटी वेगळी, फेऱ्या वेगळ्या. त्यामुळे बायोलॉजी घेतलेल्या मुलीसमोर फिजिओथेरपी येते ती हुकलेली डॉक्टरकी म्हणून, आणि नर्सिंग येतं ते दुसऱ्या कुणाच्या तरी मुलींचं शिक्षण म्हणून.

उतरंड गुणवत्तेची असती तर वाद नव्हता. पण ती रांगेची आहे, आणि रांगेतल्या नंबराला आपण कामाची प्रत समजून बसलो आहोत. फिजिओथेरपी आणि नर्सिंग यांतली निवड बहुतेक घरांत काम पाहून होतच नाही. लग्नपत्रिकेत नावाआधी काय छापता येईल, ते पाहून होते. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने फिजिओथेरपिस्टांनी नावाआधी ‘डॉ.’ लावू नये असं पत्र काढलं आणि लगेच मागेही घेतलं. त्या एका अक्षरावरून उठलेला गदारोळ पाहिला की ते लावणाऱ्यांना आणि लावू न देणाऱ्यांना किती महाग आहे ते कळतं. रुग्णाचा गुडघा किती वाकतो याचा तिथे विषयच नव्हता.

फिजिओथेरपीला नर्सिंगच्या वरची पायरी समजणाऱ्यांनी तिचा इतिहास जरूर पाहावा. ब्रिटनमध्ये हा व्यवसाय उभा केला तो परिचारिकांनीच. १८९४ साली लंडनमध्ये मसाजच्या नावाखाली चालणाऱ्या कुंटणखान्यांचा बोभाटा झाला, तेव्हा आपल्या कामाची अब्रू राखण्यासाठी चार परिचारिकांनी प्रशिक्षित मसाज करणाऱ्या स्त्रियांची संस्था काढली. तिथली आजची चार्टर्ड सोसायटी ऑफ फिजिओथेरपी ती हीच. पुढे पोलिओच्या मुलांचे हातपाय फळ्यांत जखडून ठेवण्याऐवजी गरम ओल्या लोकरीने शेकून हलवायला लावणारी एलिझाबेथ केनी हीसुद्धा ऑस्ट्रेलियातली परिचारिकाच. (रीतसर पात्रता तिच्याकडे नव्हती, डॉक्टरांनी तिला वर्षानुवर्षं झिडकारलं त्याला तेवढंच एक कारण नसावं.) आपल्याकडे १९५२ साली मुंबईत पोलिओची साथ आली आणि पुढच्या वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं. एका घरातून वेगळ्या निघालेल्या या दोन बहिणी. त्यांत थोरली कोण हे वाटणीनंतरच्या पिढ्यांनी परस्पर ठरवून टाकलं.

मग फरक आहे कुठे? पक्षाघाताने एक बाजू गेलेला सत्तरीतला रुग्ण वॉर्डात आला आहे असं समजा. परिचारिका दर दोन तासांनी त्याची कूस बदलते, पाठीची निगा राखते, लघवीच्या नळीकडे पाहते, किती पाणी आत गेलं आणि किती बाहेर आलं ते लिहिते. त्याला नीट गिळता येतंय याची खात्री होईपर्यंत नातेवाइकांना चमचाभर पाणीही पाजू देत नाही, आणि म्हणून त्यांच्या शिव्या खाते. पहाटे तीनला श्वासाची लय बदलली तर ते पहिलं तिच्या लक्षात येतं. ती हे एका रुग्णाचं करत नाही. भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि इतरत्र पाचांमागे एक परिचारिका असं आहे. सरकारी वॉर्डात रात्रपाळीला हे प्रमाण वाचून दाखवलं तर सिस्टर हसेल. आणि तिचं यश कशात? बेडसोर झाला नाही, फुप्फुसात संसर्ग झाला नाही, रुग्ण खाटेवरून पडला नाही. जे घडलं नाही त्याची नोंद कुठल्याच डिस्चार्ज कार्डावर होत नाही.

त्याच खाटेपाशी फिजिओथेरपिस्ट येतो तो ठरावीक वेळेपुरता. पाय खाली सोडून रुग्णाला काठावर बसवतो, लुळा हात धरून ओढू नका, खांदा निखळेल, असं मुलांना बजावतो. रुग्ण चिडतो, रडतो, ‘आज नको’ म्हणतो. नर्सिंगमध्ये रुग्णाचं करायचं असतं. इथे ते त्याच्याकडूनच करवून घ्यायचं असतं, आणि मन वळवणं हे त्यातलं मुख्य औजार. घरी गेल्यावर खरं काम सुरू होतं, कारण पहिल्या काही महिन्यांत जे परत येतं ते नंतर तितक्या वेगाने येत नाही. नेमक्या त्याच महिन्यांत लोक म्हणतात, ‘व्यायाम राहू द्या, मशीन लावून शेक द्या.’ दुखणं जरा कमी झालं की सिटिंग्ज बंद. आणि रुग्ण चालायला लागला तर श्रेय न्यूरॉलॉजिस्टच्या गोळीला.

आणखी एक फरक मला याहून मोठा वाटतो. फिजिओथेरपीला उद्दिष्ट लागतं: अमुक अंश गुडघा वाकणं, तमुक पायऱ्या चढणं. जिथे कुठलंच उद्दिष्ट उरत नाही, तिथेही नर्सिंग चालूच राहतं. ज्या केईएममध्ये फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं, तिथल्याच परिचारिकांनी हल्ल्यात मेंदूला इजा होऊन अंथरुणाला खिळलेली आपली सहकारी अरुणा शानबाग हिला १९७३ पासून २०१५ पर्यंत सांभाळलं. तिचं अन्न थांबवावं अशी मागणी सर्वोच्च न्यायालयात गेली तेव्हा त्यांनी ठाम विरोध केला, आणि २०११ च्या निकालात न्यायालयाने त्यांचं मत मानलं. दयामरणाच्या प्रश्नावर कुणाचं काहीही मत असो; सुधारणेची आशा नसताना बेचाळीस वर्षं रोज अंग पुसण्याला कोणत्या गटात घालायचं? ज्याला प्रगती मोजल्याशिवाय चैन पडत नाही त्याने नर्सिंगला जाऊ नये. ज्याला रुग्णाचा नकार सोसत नाही त्याने फिजिओथेरपीला जाऊ नये.

पैशाचं थोडक्यात सांगतो, कारण त्याचा हिशेब लोकांना वाटतो त्याच्या उलटा आहे. फिजिओथेरपीत चार वर्षं आणि वर इंटर्नशिप झाल्यावर रुग्णालयांतल्या जागा मोजक्या. मग स्वतःचं क्लिनिक, भाडं, यंत्रांचे हप्ते, ऑर्थोपेडिक सर्जनने रुग्ण पाठवण्याची वाट पाहणं. नाव झालं तर उत्तम. होईपर्यंत घरोघरी व्हिजिट. नर्सिंगमध्ये नोकरी लवकर लागते, सरकारात अधिपरिचारिका, परिसेविका, अधिसेविका अशी शिडी आहे, आणि आखातापासून जर्मनीपर्यंत मागणी आहे. अमेरिकेत परिचारिकेला परवान्याची एनसीएलईएक्स परीक्षा देता येते. फिजिओथेरपीची तिथली प्रवेशपदवीच आता डॉक्टरेट पातळीची असल्याने इथल्या पदवीला बरोबरी सिद्ध करताना घाम फुटतो. पण नर्सिंगची दुसरी बाजू लपवण्यात अर्थ नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने पन्नासहून कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही किमान २०,००० रुपये पगार सुचवला, दोनशेच्या वर खाटा असतील तर सरकारी वेतनाइतका. ती शिफारस बऱ्याच ठिकाणी अजून कागदावरच आहे. सरकारी भरतीही कंत्राटी होत चालली आहे. नर्सिंगला कमी लेखणारा समाज आणि कमी पगार देणारं रुग्णालय एकमेकांच्या सोयीचे आहेत.

एक गोष्ट समुपदेशनाच्या तक्त्यांवर सापडत नाही. या दोन वाटा पुढे कुठेही एकमेकींना मिळत नाहीत. बीएस्सी नर्सिंग झालेल्या मुलीला फिजिओथेरपीकडे वळायचं तर नीट, आणि पुन्हा पहिलं वर्ष. उलट दिशेने नर्सिंगची सीईटी, आणि तिथेही पहिलं वर्ष. पसंतीक्रम भरायला मिळणाऱ्या चार-सहा दिवसांत एवढी पक्की निवड करायची असेल, तर त्याआधीच्या सुट्टीत ओळख काढून, परवानगी घेऊन मुलीला, आणि मुलग्यालाही, मेडिसिन वॉर्डातली एक रात्रपाळी आणि फिजिओथेरपी ओपीडीतली एक सकाळ पाहू द्यावी. आल्यावर काय आवडलं ते विचारू नये. अठराव्या वर्षी सगळंच आवडतं. कंटाळा कशाचा आला ते विचारावं. आणि त्या आठवड्यात आत्याचा फोन आला की ‘मग काय, डॉक्टर होणार ना?’, तर तो फोन आईवडिलांनी घेऊ नये, मुलीच्या हातात द्यावा.