झाड त्याचं, खराटा तिचा

हरगिला पिल्लांसाठी घरट्यात काय आणतो? मासे, बेडूक, कुजकं मांस, हाडं. त्यातलं बरंचसं खाली अंगणात पडतं आणि त्यावर विष्ठेचा सडा. आसामच्या कामरूप जिल्ह्यात हा जवळजवळ पाच फूट उंचीचा करकोचा लोकांच्या परसातल्या उंच कदंबांवर घरटी करतो. पावसाळा सरता सरता येतो, तो उन्हाळ्यापर्यंत मुक्कामाला. एकोणिसाव्या शतकात कलकत्त्याच्या रस्त्यांवर सर्रास दिसणारा हा पक्षी पुढे आसाम, बिहारमधलं भागलपूर आणि कंबोडिया एवढ्यापुरताच उरला.

2007 साली दादरा गावात एकाने घरटी असलेलं झाडच पाडलं. पिल्लं खाली आली. तेव्हा पीएच.डी. करत असलेल्या पूर्णिमा देवी बर्मन यांनी जाब विचारला, तर गाव त्यांच्यावरच उलटलं. एवढा पुळका आहे, तर ही घाण तुम्हीच काढा!

मला हा टोमणा फार महत्त्वाचा वाटतो, कारण प्रश्न नेमका तिथेच होता. झाड तोडायचं की राखायचं हे बहुतेक घरांत पुरुष ठरवणार, पण त्याखालचं अंगण रोज झाडायचं बाईने. पक्षी वाचवण्याची किंमत ती आधीपासूनच मोजत होती. फक्त ती कुणी हिशेबात धरत नव्हतं. अभयारण्याचे नियम कुणाच्या परसात चालत नाहीत. तिथे घरातल्यांचं मन वळावं लागतं, आणि नुसत्या उपदेशाने ते वळत नाही.

म्हणून बर्मन गावातल्या बायकांकडे गेल्या. विणीच्या हंगामात हरगिल्याचं चक्क डोहाळजेवण होऊ लागलं. अपशकुनी म्हणून हिणवलेला पक्षी घरच्या लेकीच्या मानाला आला. पण मला त्याहून मोलाचे वाटतात ते माग. विणकाम आसामी बाईच्या हातातच असतं. तिला माग आणि सूत मिळालं, आणि गामोशाच्या पांढऱ्या कापडावर, मेखला-चादरीच्या काठावर लांब मानेचा, जाड चोचीचा हरगिला उतरला. ते कापड विकलं जाऊ लागलं. ज्या पक्ष्यामुळे तिचं काम वाढलं होतं, त्याच्याच नावाने तिच्या हातात पैसा आला. कमावत्या बाईचा शब्द घरात सहसा असा सहज डावलला जात नाही, हे आपल्याकडच्या बचत गटांनीही पाहिलं आहे.

दादरा, पाचरिया आणि सिंगीमारी या गावांत मिळून 28 घरटी होती, ती अडीचशेच्या वर गेली. हरगिला राखणाऱ्या या बायकांच्या ‘हरगिला आर्मी’त आज दहा हजारांहून अधिक जणी आहेत, आणि 2022 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने बर्मन यांना ‘चॅम्पियन्स ऑफ द अर्थ’ हा सन्मान दिला.

निसर्ग राखण्याला बायकांच्या कमाईची जोड आपल्याकडेही मिळाली आहे. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत ‘स्वामिनी’ बचत गटाच्या बायका कांदळवनातून पर्यटकांची होडी वल्हवतात. ते काम मला मनापासून आवडतं, पण पर्यटक आटले की ती कमाईही आटते. दादऱ्यात पक्षी बघायला कुणी आलं नाही तरी माग चालू राहतो. अर्थात, कापडाला बाजार तिथेही लागतोच.

तरीही या बायकांच्या खांद्यावर सगळा भार टाकणं मला अन्यायाचं वाटतं. परसातलं झाड त्या राखतील. पण हरगिला पोट भरायला जातो तो दीपोर बीलसारख्या पाणथळींवर, आणि गुवाहाटीच्या कचऱ्यावर. शहर वाढतं तशी आसपासच्या जमिनीची किंमत चढते. गामोसे विकून मिळणारे पैसे त्या किमतीपुढे किती पुरे पडणार? पाणथळीचं काय करायचं, कचरा कुठे टाकायचा, हे जिथे ठरतं तिथे या बायकांना जागा मिळायला हवी. खराट्याचा हिशेब तिथेही मांडला गेला पाहिजे.