नव्वद पर्सेंटाइलचा अर्ज

एमबीए प्रवेशाच्या कॅट परीक्षेच्या निकालात नव्वदचा आकडा दिसला की आईवडिलांना पेढे आणावेसे वाटतात आणि मुलाचा चेहरा पडलेला असतो. हे नव्वद टक्के नसतात, पर्सेंटाइल असतं. परीक्षेला सुमारे तीन लाख मुलं बसली असतील, तर साधारण तीस हजार जण त्याच्या पुढे असतात. अहमदाबाद, कोलकाता, बंगळुरूच्या आयआयएमचं बोलावणं एवढ्यावर सहसा येत नाही.

ही निराशा खरी आहे आणि तिची समजूत घालण्याची घाई करू नये. पण तो आकडा कशाचा आहे, हे पाहायलाच हवं. २०२४च्या कॅटमध्ये १२० मिनिटांत ६८ प्रश्न होते. तीन विभाग, प्रत्येकी ४० मिनिटं. लॉजिकल रीझनिंगचा एखादा सेट 'आता सुटेलच' म्हणत धरून ठेवला आणि त्यात बारा मिनिटं गेली, की पुढचे सोपे सेट वाचायचेच राहून जातात. शिवाय बहुपर्यायी प्रश्न चुकला की एक गुण वजा. महाराष्ट्राच्या एमबीए सीईटीचा बाज उलटा: १५० मिनिटांत २०० प्रश्न आणि चुकीला दंड नाही. एकीकडे काय सोडायचं हे कळावं लागतं, दुसरीकडे हात झरझर चालावा लागतो. त्यामुळे एकाच मुलाचं स्थान दोन्हीकडे वेगळं असू शकतं. आकडा खोटा नसतो, त्याची हद्द मात्र लहान असते.

म्हणूनच कमी पर्सेंटाइलवरही अर्ज करावा, असं मला ठामपणे वाटतं. अनेक संस्था दहावी-बारावीचे गुण, पदवी, नोकरीचा अनुभव आणि मुलाखत हेही मोजतात. मुलाखतीत 'गुण कमी का?' असं विचारलंच, तर आजारपण आणि ऑफिसचं काम यांची यादी वाचू नये. कुठला विभाग कच्चा राहिला आणि त्यावर पुढे काय केलं, एवढं दोन वाक्यांत सांगावं. लपवाछपवीपेक्षा हा हिशेब जास्त विश्वास देतो.

मला काळजी वाटते ती नकाराची नाही, सहज मिळणाऱ्या होकाराची. दुखावलेला मुलगा 'कुठंतरी घेतलं' या आनंदात लाखोंच्या शैक्षणिक कर्जावर सही करतो. माहितीपत्रकात सर्वांत मोठं पॅकेज ठळक छापलेलं असतं. विचारायचं असतं ते वर्गातल्या मधल्या मुलाला काय मिळालं, किती जणांना नोकरीच लागली नाही, आणि दोन वर्षांनी हप्ता भरून हातात काय उरेल. दोन-तीन माजी विद्यार्थ्यांशी बोललं, तर ही उत्तरं मिळतात. ती पटली नाहीत तर वर्षभर नोकरी करून पुन्हा परीक्षा देणं यात कमीपणा नाही; कॅट दरवर्षी होते.

कमी माहिती, मोजका पैसा आणि मनावर ताण असताना निर्णय घेणं हेच व्यवस्थापकाचं रोजचं काम. ते शिकण्याची पहिली संधी वर्गात पाऊल ठेवण्याआधीच येते. अर्ज मोकळ्या मनानं करावा, प्रवेश मात्र पारखून घ्यावा.